कडू कवठाचं दुसरं औषध

कोकणातल्या ओढ्यांच्या काठाने आणि घाटाच्या दमट उतारांवर कडू कवठाचं झाड वाढतं. आपण चटणीसाठी आणतो त्या कवठाशी याचं कुळाचं नातं नाही. फळ तसंच गोल आणि कठीण कवचाचं, म्हणून हे नाव पडलं. काही भागांत त्याला कवटी म्हणतात, गोव्याकडे खष्ट. त्याचं फळ पाण्यात कुटून टाकलं की मासे गुंगून वर येतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला एकेकाळी दिलेल्या लॅटिन नावातही ‘गुंगवणारं’ अशा अर्थाचा शब्द होता. बियांतून निघणारं तेल पिवळसर आणि उग्र असतं, घशाखाली उतरत नाही.

या तेलाने आणि त्याच्या पूर्वेकडच्या भावंडाने, म्हणजे चौलमुग्ऱ्याच्या तेलाने, कुष्ठरोगाच्या उपचारांत जवळजवळ शंभर वर्षं राज्य केलं. नवी औषधं आली आणि ते अडगळीत गेलं. पुढे २००० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना औषधांना न जुमानणाऱ्या एका जंतूचं गुपित उलगडताना एक रेणू सापडला. तो कडू कवठाच्या कुळातला निघाला. या दोन टोकांच्या मधली गोष्ट वनस्पतींतल्या औषधांची आहे. आपण त्यांच्याकडे कोणते प्रश्न घेऊन गेलो, त्याचीही आहे.

सुश्रुतसंहितेत ‘तुवरक’ नावाच्या वृक्षाचं वर्णन येतं. तो पश्चिम समुद्राच्या किनाऱ्यावर वाढतो, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने त्याची पालवी हलते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्याची पिकलेली फळं गोळा करावीत, असं ग्रंथ सांगतो. बियांचं तेल कुष्ठावर पोटात घ्यायचं आणि अंगालाही लावायचं. तुवरक म्हणजे आपलं कडू कवठच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ब्रह्मदेश, आसाम आणि बंगालच्या पूर्व भागात याच जातकुळीच्या दुसऱ्या झाडाचं बी बाजारात येई. ते चौलमुग्रा.

युरोपीय वैद्यकाच्या दप्तरी हे तेल नोंदवलं गेलं ते कलकत्त्यात. तिथल्या मेडिकल कॉलेजातले डॉक्टर फ्रेडरिक मूअट यांनी १८५४ साली ‘इंडियन अ‍ॅनल्स ऑफ मेडिकल सायन्स’मध्ये देशी औषधांवर टिपण लिहिलं आणि चौलमुग्ऱ्याचा कुष्ठरोगावरचा अनुभव मांडला. १८६८च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त त्याला अधिकृत जागा मिळाली.

त्याच सुमारास मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पश्चिम किनाऱ्यावरचं झाड हाताशी घेतलं. भाऊ मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी. संस्कृत ग्रंथ, ताम्रपट आणि नाणी यांत रमणारा हा माणूस रोग्यांसाठी त्या ग्रंथांतली औषधंही तपासून पाहत होता. महारोगावर त्यांनी वापरलेलं औषध खष्टाच्या, म्हणजे कडू कवठाच्या, बियांचं होतं. १८७४ साली ते गेले आणि काम अपुरं राहिलं. मात्र सुश्रुतातलं पान आणि दवाखान्यातला रोगी एकमेकांशेजारी ठेवण्याची त्यांची रीत नंतरच्यांना उपयोगी पडली.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १८७३ साली, नॉर्वेतल्या बर्गनमध्ये गेऱ्हार्ड हॅन्सनना कुष्ठरोग्यांच्या गाठींत काडीसारखे जंतू दिसले. रोग पापाचा किंवा रक्ताचा नाही, जंतूचा आहे, असं म्हणायला पहिला आधार मिळाला. मुंबई इलाख्यात नोकरी करणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर याच काळात नॉर्वेला जाऊन हे काम पाहून आले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’मधली चित्रं काढणारे ते हेच कार्टर. भारतात परतून त्यांनी हॅन्सनची बाजू मांडली.

शत्रू कळला तरी शस्त्र तेच राहिलं. १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभं राहिलं. १८९८ साली कायदाही आला. रोग्याला बाजूला कसं ठेवायचं हे सरकारला उमगलं होतं. बरं करण्यासाठी मात्र डॉक्टरांकडे फक्त तेल होतं.

त्या तेलात तीन अडचणी होत्या. पहिली ओळखीची. बाजारात चौलमुग्रा म्हणून जे बी विकलं जाई, ते नेमकं कोणत्या झाडाचं हे पक्कं ठाऊक नव्हतं. फार्माकोपियाने ते ‘गायनोकार्डिया’चं मानलं होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हिड प्रेन यांनी दाखवलं की खरं चौलमुग्रा हिड्नोकार्पसच्या, म्हणजे कडू कवठाच्याच, कुळातलं. त्यानंतर लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर यांनी १९०४-०५ मध्ये तेलातली विशेष आम्लं वेगळी केली, आणि तीच आम्लं कडू कवठाच्या तेलातही निघाली. सुश्रुताचं किनाऱ्यावरचं झाड आणि ब्रह्मदेशातलं झाड रसायनाच्या भाषेत भावंडं ठरली.

दुसरी अडचण पोटाची होती. तेल तोंडाने घेतलं की मळमळ आणि उलट्या होत. पुष्कळ रोगी औषधापेक्षा रोग बरा म्हणून सोडून देत. तिसरी सुईची. टोचलं तर जाड तेल रक्तात मिसळेना. कातडीखाली गाठी धरत, ठणका लागे. कलकत्त्यात सर लिओनार्ड रॉजर्स यांनी आम्लांचे क्षार करून टोचून पाहिले, इतर देशांत कोणी कापूर मिसळला.

उत्तम तोड निघाली हवाईमध्ये. होनोलुलूच्या हॅरी हॉलमन या डॉक्टरांना तेलातला गुण रक्तात उतरेल असं रूप हवं होतं. ते अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञेकडे गेले. तिने कावाच्या मुळीवर प्रबंध लिहिला होता. कावा ही मिऱ्याच्याच वंशातली वनस्पती. १९१५ साली हवाई कॉलेजातून एमएस होणारी ती पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती होती. तेलातल्या आम्लांचे तिने इथाइल एस्टर बनवले. ते पातळ होते आणि टोचल्यावर शरीरात शोषले जात. पण ते जगापुढे मांडायला ती उरली नाही. १९१६च्या शेवटच्या दिवशी, वयाच्या २४व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. कॉलेजचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी काम पुढे नेलं आणि प्रसिद्ध केलं, त्यात तिचं नाव नव्हतं. १९२२ साली हॉलमननी आपल्या लेखात त्याला ‘बॉलची पद्धत’ असं नाव दिलं, तेही लवकरच विस्मरणात गेलं.

एस्टरांमुळे मागणी वाढली. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्याने जोसेफ रॉक या वनस्पतिशास्त्रज्ञाला बियांच्या शोधात सयाम, ब्रह्मदेश आणि आसामच्या जंगलांत धाडलं. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये अर्नेस्ट म्यूर यांनी कडू कवठाच्या तेलावर भर दिला, कारण ते देशातच स्वस्तात मिळत होतं. भारतातल्या कुष्ठरोग दवाखान्यांत दर आठवड्याच्या सुया सुरू झाल्या. सुरुवातीच्या अवस्थेतल्या काही रोग्यांचे चट्टे निवळले, काहींना घरी सोडता आलं. पण अनेकांत रोग पुन्हा उफाळला. तेल आशा देत होतं, खात्री देत नव्हतं.

खात्री आली १९४० नंतर. १९४१ साली अमेरिकेतल्या कार्व्हिल इथे गाय फॅजेट यांनी प्रोमिन हे सल्फोन वर्गातलं कृत्रिम औषध वापरलं. मद्रासजवळच्या चेंगलपट्टूत रॉबर्ट कॉक्रन यांनी त्याचा मूळ रेणू, म्हणजे डॅप्सोन, कमी मात्रेत वापरून दाखवला. मग तो गोळीच्या रूपात आला. गोळी स्वस्त होती आणि ती घेताना ठणका लागत नव्हता. १९४९ साली बाबा आमटे कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला कलकत्त्याच्या त्याच स्कूलमध्ये गेले, तेव्हा चौलमुग्ऱ्याचं युग मावळत होतं. पुढे खेड्यापाड्यांत रोगी शोधून गोळ्या देण्याची जी पद्धत वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने रुजवली, ती डॅप्सोनच्या भरवशावर उभी होती.

त्या भरवशालाच तडा गेला. जगभर लाखो रोग्यांना वर्षानुवर्षं एकच औषध दिलं जात होतं. कुष्ठाचा जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाही, त्यामुळे औषध त्याला लागू पडतं की नाही हे तपासायची सोयच नव्हती. १९६० साली अमेरिकेत चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या पंजात तो वाढवण्याची युक्ती काढली आणि ती सोय झाली. १९६४ साली मलायातल्या सुंगेई बुलोह इथल्या रुग्णांचे जंतू याच पद्धतीने तपासून पेटिट आणि रीस यांनी सिद्ध केलं की त्यांच्यावर डॅप्सोन चालत नाही. औषधाने नाजूक जंतू मारले होते. जे थोडे जंतू जात्याच चिवट होते, त्यांना रान मोकळं झालं होतं.

यातून निघालेला धडा साधा होता. एका वाटेने हल्ला केला तर जंतू ती वाट बंद करतो, तीन वाटा एकदम बंद करणं त्याला जवळजवळ अशक्य असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यात डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमाइन ही औषधं होती. रिफाम्पिसिनचं मूळ मातीतल्या सूक्ष्मजीवात आहे. क्लोफाझिमाइन घडवलं डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटाने. त्यांची वाट सुरू झाली होती खडकांवर वाढणाऱ्या दगडफुलातल्या एका पदार्थापासून. या उपचारानेच कुष्ठरोगाचा कणा मोडला. २००५च्या अखेरीस भारतातलं त्याचं प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आलं.

हेच नाट्य दुसऱ्या जंतूंबाबत कितीतरी जलद घडत होतं. जखमा चिघळवणारा, रक्तात उतरला तर जीव घेणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस पेनिसिलिनला पुरून उरला, म्हणून १९५९च्या सुमारास मेथिसिलिन आलं. १९६१ साली लंडनमध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी मेथिसिलिनलाही न जुमानणारे नमुने नोंदवले. नव्या क्विनोलोन औषधांचंही तेच झालं. १९९०च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांनी या जंतूच्या एका हत्याराचा छडा लावला. त्याच्या पेशीच्या पडद्यात ‘नॉरए’ नावाचं एक प्रथिन असतं आणि ते पंपाचं काम करतं. गळक्या होडीत बसलेला नावाडी जसा पाणी उपसून बाहेर टाकत राहतो, तसा हा पंप आत शिरलेलं औषध बाहेर टाकतो. औषध आत जमतच नाही, मग मारणार कसं? आणि हा नावाडी चोखंदळ नाही. वेगवेगळ्या घडणीची औषधं तो सारख्याच तत्परतेने फेकतो.

पंप आहे म्हटल्यावर तो अडवायचा विचार आलाच. शिकागोतल्या अलेक्झांडर नेफाख यांच्या गटाला १९९०च्या दशकात आढळलं की रेसर्पिन या रेणूने असे पंप थंडावतात. रेसर्पिन म्हणजे सर्पगंधेच्या मुळीतलं द्रव्य. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण मांडला आणि ती मुळी जगाच्या नजरेत आली. १९५२ साली बाझलमध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं केलं गेलं. पण पंप बंद पाडायला लागणारी मात्रा माणसाला सोसणारी नव्हती. त्याच्या कितीतरी आधी रक्तदाब कोसळतो आणि मेंदूवर परिणाम होतो. वाट खरी होती, पण चालण्याजोगी नव्हती.

तिथून पुढचं पाऊल टाकलं कोलोरॅडोतले रसायनशास्त्रज्ञ फ्रँक स्टर्मिट्झ आणि बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातले किम लुईस यांनी. त्यांनी एक वेगळाच प्रश्न विचारला. दारुहळदीच्या कुळातल्या झाडांत बर्बेरिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. आपल्याकडे दारुहळद आणि तिचं रसांजन जुन्या काळापासून वापरात आहे. ढाक्यात १९८०च्या दशकात १६५ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत बर्बेरिनने एका प्रकारच्या जंतुजन्य जुलाबात फरक दाखवला होता, पटकीत मात्र फारसा नाही. बर्बेरिनवर धन प्रभार असतो, आणि असे रेणू म्हणजे नॉरए पंपाचं आवडतं भक्ष्य. मग जंतू सहज बाहेर फेकतो असं शस्त्र झाडाने लाखो वर्षं का बाळगलं? लुईस यांचा तर्क असा, की झाड नुसतं शस्त्र बनवत नसणार, पंपाला बूच लावणारं दुसरं काहीतरी त्याच्याकडे असलं पाहिजे.

त्यांनी अमेरिकन दारुहळदीच्या जाती तपासल्या आणि ते बूच सापडलं. ते एकटं जंतूंवर टाकलं तर काहीच होत नाही. बर्बेरिनबरोबर टाकलं की पंप ठप्प होतो, बर्बेरिन पेशीत साठत जातं आणि जंतू मरतो. रेणूची ओळख पटली तेव्हा तो नवा नव्हता. त्याचं नाव मेथॉक्सिहिड्नोकार्पिन, चौलमुग्ऱ्याच्या तेलातला एक किरकोळ घटक म्हणून तो आधीच नोंदलेला होता. त्याच्या मूळ साच्याला ‘हिड्नोकार्पिन’ हे नाव मिळालं होतं कडू कवठामुळेच. १९७०च्या दशकात दिल्ली विद्यापीठात टी. आर. शेषाद्री यांच्या गटाने या झाडाच्या बियांतून तो वेगळा केला होता.

यावरून तेलाचा कुष्ठावरचा गुण या रेणूमुळेच होता, असं सिद्ध होत नाही. प्रयोग दुसऱ्या जंतूवरचा होता, तोही प्रयोगशाळेतला. पण शंभर वर्षं सगळ्यांचं लक्ष तेलातल्या मुख्य आम्लांवर होतं. पॉवरनी ती वेगळी केली, बॉलने त्यांना शरीरात पोचवलं. किरकोळ घटकाकडे कोणी वळून पाहिलं नाही, आणि तेव्हाच्या कसोटीत ते रास्तही होतं. बशीत जंतू वाढवायचे, अर्क टाकायचा आणि मेले की नाही ते पाहायचं, ही ती कसोटी. या परीक्षेत मेथॉक्सिहिड्नोकार्पिनला शून्य गुण मिळाले असते.

कसोटी बदलल्यावर निकालही बदलले. २००२ साली लुईस आणि सहकाऱ्यांनी पंप अडवणाऱ्या रेणूंबरोबर वनस्पतिज द्रव्यं तपासली. रेवंदचिनीतलं ऱ्हाइन, चित्रकातलं प्लंबॅजिन अशी एरवी दुबळी वाटणारी द्रव्यं हट्टी जंतूंवरही कित्येक पटींनी तिखट झाली. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की मिऱ्यातलं पिपेरिन याच स्टॅफिलोकॉकसविरुद्ध सिप्रोफ्लॉक्सासिन या क्विनोलोन औषधाची ताकद वाढवतं. जम्मूला ही वाट त्रिकटूतून सापडली होती. सुंठ, मिरे आणि पिंपळी इतक्या आयुर्वेदिक पाठांत दुसऱ्या औषधांच्या जोडीला का येतात, या प्रश्नावर तिथे सी. के. अटल यांनी १९७०च्या दशकापासून काम केलं होतं. त्यातूनच २००९ साली क्षयावरची एक गोळी भारतात मंजूर झाली. तिच्यात १० मिलिग्रॅम पिपेरिन घालून रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली होती. हेतू मात्रा कमी करण्याचा होता, चिवट जंतूंवर मात करण्याचा नव्हता. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या नेहमीच्या गोळ्यांत मात्र मिऱ्याला जागा मिळालेली नाही.

बूच सापडून इतकी वर्षं झाली, तरी औषधाच्या दुकानात ते मिळत नाही. जोडऔषधात दोन्ही रेणू एकाच वेळी, योग्य प्रमाणात, जखमेपर्यंत पोचावे लागतात. एक यकृतात लवकर जिरला की दुसरा एकटा पडतो. पिपेरिनसारखी द्रव्यं यकृताचं काम मंदावतात, त्यामुळे रुग्ण घेत असलेल्या दुसऱ्या औषधांची रक्तातली पातळीही वाढू शकते. आणि पंप हे जंतूचं एकच हत्यार आहे. औषध तोडून टाकणारी विकरं आणि औषधाचं लक्ष्यच बदलणं ही हत्यारं वेगळी, त्यांवर बुचाचा उपयोग नाही. ढाक्यातल्या त्या रुग्णांचा जीव सलाइन आणि जलसंजीवनीनेच वाचत होता, बर्बेरिन जोडीला होतं. म्हणून दारुहळदीचा काढा घेऊन प्रतिजैविक थांबवणं म्हणजे या संशोधनाचा उलटा अर्थ लावणं. यात सापडलेलं द्रव्य औषधाच्या जागी येत नाही, औषधाला साथ देतं.

साथीची गरज मोठी आहे. ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. कुष्ठरोगाने औषधं जोडीने द्यायला शिकवलं. दारुहळदीने दाखवलं की त्या जोडीत स्वतः काहीही न मारणाऱ्यालाही जागा आहे. आता वनस्पतींचे अर्क तपासणाऱ्या प्रयोगशाळा ‘हे मारतं का?’ याबरोबर ‘हे कोणाला मदत करतं का?’ असंही विचारतात.

स्टर्मिट्झ आणि लुईस यांचा लेख २०००च्या फेब्रुवारीत छापून आला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला होनोलुलूत हवाई विद्यापीठाच्या आवारात चौलमुग्ऱ्याच्या झाडाखाली एक फलक लावला गेला. मृत्यूनंतर ८३ वर्षांनी त्यावर अ‍ॅलिस बॉलचं नाव आलं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण एका किरकोळ ठरवलेल्या रेणूची आणि एका वगळलेल्या नावाची नोंद एकाच महिन्यात, एकाच कुळातल्या झाडाशी झाली.